दादा हक्कसोडपत्रावर सही मागतोय, आईचीही घेणार आहे. काय करू?

अक्कलकोटरोड :

नमस्कार. मी सोलापुरात राहते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवायला जाते. माहेर अक्कलकोट तालुक्यात. थेट वकिलाकडे न जाता आधी इथे विचारतेय, कारण मी वकिलाकडे गेले हे नुसतं कळलं तरी गावात बोभाटा होईल की बहिणीनं भावाला कोर्टात खेचलं.

आमचे अप्पा मार्च २०२४ मध्ये वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, दादा, अक्का आणि मी. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आम्हा चौघांची नावं लागली. पुढच्या जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा चालू होती त्या दिवसांत, अक्का गेली. तिची दोन लेकरं आहेत, मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत. दाजी होटगी रोडला एका ट्रान्सपोर्टमध्ये कामाला आहेत. अक्काच्या जागी अजून कुणाचं नाव लागलेलं नाही.

जमीन दोन गटांत आहे. एक २ एकर ३० गुंठे, ती आजोबांकडून आलेली. दुसरी १ एकर ३० गुंठे, ती अप्पांनी १९९८ ला भावकीतल्याच एकाकडून विकत घेतली. त्या वेळी आईनं तिच्या पाटल्या मोडल्या होत्या. शिवाय गावठाणात घर आहे, त्यात आई, दादा, वहिनी आणि त्यांची मुलं राहतात.

भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दादानं पिशवीतून टाईप केलेले कागद काढले. हक्कसोडपत्र. म्हणाला, "सोमवारी रजिस्ट्रीला ये, फोटो आणि अंगठा, दहा मिनिटांचं काम आहे. सोसायटीचं कर्ज काढायला दरवेळी सगळ्यांच्या सह्या लागतात, दरवेळी तुझा खाडा करून तुला बोलवू का?" कागदात सोडून देणाऱ्यांत माझ्याबरोबर आईचंही नाव आहे. दाजींना त्यानं सांगितलंय, पोरांच्या वतीनं तुम्हीच सही करा.

वहिनी म्हणाली, लग्नात तुला चार तोळे घातले, मांडवाचा खर्च केला, तोच तुझा वाटा. हे खरं आहे की माझ्या लग्नाला अप्पांनी बैलजोडी विकली होती. ते मला कधी विसरता येणार नाही.

आईला बाजूला घेऊन विचारलं तर ती म्हणाली, "मला शेवटी त्याच्याच दारात राहायचंय की गं."

मला दादाला उघड्यावर पाडायचं नाही. त्यानंच अप्पांचं आजारपण काढलं. पण खोटं कशाला सांगू, माझ्या मुलीला नर्सिंगला घालायचंय, त्या फीचा विचार आला की रात्री झोप लागत नाही. सही केली तर काय जातं आणि नाही केली तर काय होतं, हे कुणी नीट सांगेल का? आणि अक्काच्या लेकरांचं काय?


कोरडवाहू :

ताई, राग मानू नका. मी बार्शीकडचा शेतकरी, मलाही दोन बहिणी आहेत. ज्वारीत आणि तुरीत काय उरतं ते राबणाऱ्यालाच माहीत. पाऊस पडला नाही की सोसायटीचं देणं भावाच्या डोक्यावर, बहिणीच्या नाही. म्हाताऱ्या माणसाचं दवाखान्याचं, सणावाराचं, सगळं तोच बघतो. आमच्या गावात दोन घरं वाटणीच्या दाव्यात अडकलीत, दोन्ही शेतं पडीक आहेत आणि बहीण-भाऊ रस्त्यात एकमेकांकडे बघत नाहीत. माहेरचा उंबरा शाबूत राहावा म्हणून सही करून टाकावी असं मला मनापासून वाटतं. पुढं तुमची इच्छा.


दिवाणी_वकील :

ताई, सोमवारी जाऊ नका. आत्ता एवढंच ठामपणे सांगते. बाकी उत्तर देण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात.

आजोबांची जमीन अप्पांकडे कशी आली, आजोबा गेल्यावर वारसानं की अप्पा आणि त्यांच्या भावांत वाटणी होऊन? जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलल्याची नोंद, घरात आहे का? हक्कसोडपत्र कुणाच्या लाभात लिहिलंय, त्यात कुठले गट नंबर आहेत, घराचा उल्लेख आहे का, आणि शेवटी "इतर सर्व स्थावर मिळकती" असं काही वाक्य आहे का? मोबदल्याच्या रकान्यात काय लिहिलंय? आईचं वय काय? आणि हे नक्की सांगा, तुमच्या गावात रस्त्यासाठी जमिनीची मोजणी झाली आहे का? कुठली नोटीस आली आहे का?


अक्कलकोटरोड :

मॅडम, मिस्टरांना दाखवायचा म्हणून मी मसुद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात एकट्या दादाच्या लाभात असं आहे. दोन्ही गट आहेत, घराचा नंबर आहे, आणि तुम्ही म्हणता तसलं वाक्य शेवटी खरंच आहे, "तसेच मयताच्या नावे असलेल्या इतर सर्व स्थावर मिळकती". मोबदला "विनामोबदला, प्रेमापोटी". आईचं वय ६६.

आजोबा १९७९ ला वारले. अप्पा एकटेच होते, त्यामुळे भावांत वाटणीचा प्रश्न आला नाही.

रस्त्याचं तुम्ही विचारलंत आणि माझ्या पोटात धस्स झालं. अप्पा असताना सुरत-चेन्नई रस्त्याची मोजणी झाली होती. विकत घेतलेल्या गटातला काही भाग जाणार असं अप्पा म्हणायचे. नंतर काय झालं ते मला माहीत नाही. दादा त्याबद्दल काहीच बोलला नाही. मी विचारलंही नाही.


दिवाणी_वकील :

आता सविस्तर लिहिते. वेळ काढून वाचा, आणि जमलं तर दाजींनाही वाचायला द्या.

आधी वाटा किती ते. वडिलार्जित कोणती आणि स्वकष्टार्जित कोणती यावर कोर्टात तासन्‌तास भांडण होतं. आजोबांची जमीन एकत्र कुटुंबाची होती की अप्पांना ती व्यक्तिशः वारसानं मिळाली, हा कीस वकील काढतीलच. पण तुमच्या घरापुरता दोन्हीकडून हिशोब एकाच ठिकाणी येतो. जमीन अप्पांची स्वतःची धरली तर मृत्युपत्र नसल्यामुळे आई, दादा, अक्का, तुम्ही असे पहिल्या वर्गातले चार वारस, प्रत्येकी चौथा हिस्सा. एकत्र कुटुंबाची धरली तर अप्पा जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं कायदा मानतो. त्यात अप्पा, आई आणि तीन मुलं असे पाच सारखे वाटे पडतात, आणि अप्पांचा पाचवा वाटा पुन्हा चौघांत जातो. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे परत चौथा हिस्साच. या काल्पनिक वाटणीत आईचाही स्वतंत्र वाटा धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली गुरुपाद विरुद्ध हिराबाई या खटल्यात स्पष्ट केलं. तिथली हिराबाई म्हणजे विधवा आईच होती.

दोन्ही गट मिळून ४ एकर २० गुंठे, म्हणजे १८० गुंठे. तुमचे त्यात ४५ गुंठे, म्हणजे १ एकर ५ गुंठे. आईचे तेवढेच. शिवाय घरात प्रत्येकी चौथा हिस्सा.

लग्नाच्या खर्चानं हा वाटा जात नाही. तुमच्या बैलजोडीच्या आठवणीचा मला मान आहे. पण अप्पांनी जे केलं ते लेकीच्या प्रेमानं केलं, कायद्याच्या हिशोबात ती वाटणी धरत नाहीत. दादाच्या लग्नालाही खर्च झालाच असेल.

आता हक्कसोडपत्राचं. दहा मिनिटांचं काम आहे हे खरं, तरी खरेदीखतावर सही करताना माणूस जितका विचार करतो तितकाच इथेही करायला हवा, कारण मालकी तशीच जाते. नोंदणी झाली की "मला माहीत नव्हतं" म्हणून ते मागे घेता येत नाही. दोन्ही बाजू राजी असतील तर रद्दलेख करता येतो, नाहीतर दिवाणी कोर्टात दावा लावून फसवणूक झाली हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि ते "इतर सर्व मिळकती" हे वाक्य तर कुठल्याही परिस्थितीत ठेवू नका. ज्या मिळकती तुम्हाला आज माहीतही नाहीत, त्याही त्या एका ओळीत जातात.

रस्त्याबद्दल मी का विचारलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या महामार्गाच्या भूसंपादनात आपल्या जिल्ह्यातली बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांतली गावं आहेत. तुमच्या दादाच्या मनात काय आहे हे मला माहीत नाही आणि मी त्याच्यावर आरोप करत नाही. पण मोबदला ज्याचा हक्क त्याला मिळतो. आज तुम्ही आणि आईनं हक्क सोडला आणि उद्या भूसंपादनाच्या मोबदल्याचा निवाडा झाला, तर तुमच्या वाट्याचे पैसे दादाच्याच खात्यात जातील. हक्क शाबूत असेल आणि वाटपावरून वाद झाला, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्यात तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवायची तरतूद आहे. तेव्हा भूसंपादन कार्यालयात त्या गटाचं काय झालं हे आधी विचारा. तुम्ही सहधारक आहात, तुम्हाला विचारायचा अधिकार आहे. मुलीच्या फीचा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल.

आईसाठी मी सगळ्यात जास्त काळजीनं लिहितेय. ६६ वर्षांच्या बाईनं तिच्या नावावरची एकमेव जमीन आणि राहतं घर विनामोबदला, बिनशर्त सोडणं हे मला पाहवत नाही. मी अशा आया कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या पाहिल्या आहेत, हातात औषधाची पिशवी घेऊन. दादा चांगला असेल, पण उद्याचं कुणी सांगावं? तुमच्या आईला वाटतं तसं ते नुसतं दादाचं दार नाही. ते दार चौथ्या हिश्श्यानं तिचंच आहे. हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगू शकता.

आईच्या मनातून दादालाच द्यायचं असेल तर तिला मृत्युपत्र करता येतं. ते ती हयात असेपर्यंत हवं तेव्हा बदलू शकते, नोंदणीचीही सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. तिनं आत्ताच द्यायचं ठरवलं, तर दस्तात साफ लिहून घ्या की सांभाळ, औषधपाणी आणि राहायला जागा या अटीवर देत आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे. अशी अट असेल आणि पाळली गेली नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करून ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर आईचं म्हणणं मांडताना फार ओढाताण होते.

अक्काचा वाटा. अप्पा आधी गेले आणि अक्का नंतर, म्हणून चौथा हिस्सा तिला मिळालेला होता. तिला मुलं असल्यामुळे तो माहेरी परत येत नाही. दाजी आणि दोन लेकरं यांना सारखा जातो, ४५ गुंठ्यांत प्रत्येकी १५. दाजींना त्यांच्या स्वतःच्या १५ गुंठ्यांपुरती सही करता येईल. लेकरांच्या ३० गुंठ्यांना मात्र हात लावता येत नाही. अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची, स्थावर मिळकत सोडून द्यायला वडिलांनासुद्धा आधी कोर्टाची परवानगी लागते, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८. कोर्ट विचारतं, यात लेकरांचा फायदा काय? विनामोबदला सोडण्यात फायदा कुठून दाखवणार? परवानगीशिवाय केलेला दस्त ती मुलं सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतात. म्हणजे दादाच्या दृष्टीनंही तो दस्त कच्चाच राहतो, हे त्याला सांगा. आधी अक्काची वारस नोंद करून घ्या.

कोरडवाहू भाऊंनी जे लिहिलं ते मी बाजूला सारत नाही. पडीक शेतं आणि न बोलणारी भावंडं मीही रोज बघते. आणि दादानं अप्पांचं आजारपण काढलं, याची किंमत झालीच पाहिजे. पण ती हिशोबात करा. त्यानं किती खर्च केला ते मांडू द्या, तेवढं त्याला जास्त द्या. घर त्याला सोडा, जमीन ठेवा. किंवा आजोबांचा गट त्याला आणि रस्त्याकडेच्या गटात तुमचा वाटा. हक्कसोडपत्र एका मिळकतीपुरतंही करता येतं, मोबदला घेऊनही करता येतं. मोबदला लिहिला की मुद्रांक शुल्काचं गणित बदलतं, तेवढं दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून प्रत्येकाचा सातबारा वेगळा होतो. मग दादाला सोसायटीच्या कर्जासाठी कुणाचीच सही लागणार नाही. तोवर सहहिस्सेदारांचं त्या हंगामापुरतं संमतीपत्र चालेल का, ते सोसायटीत विचारा आणि चालत असेल तर आनंदानं द्या. त्याची अडचण खरी असेल तर ती तेवढ्यानं सुटते.


विजापूरवेस :

मॅडम, मध्येच विचारते, माफ करा. आम्ही मुस्लिम. अब्बांचं शहरात एक घर आहे, ते हयात आहेत. भाऊ आत्ताच लिहून मागतोय की मला काही नको. आमच्यात हेच नियम का?


दिवाणी_वकील :

नाही, तुमच्याकडे वेगळं आहे. जन्मानं हक्क येत नाही, अब्बा गेल्यावरच येतो. त्यामुळे ते हयात असताना "मला नको" असं नुसतं लिहून दिलेलं सहसा बांधील राहत नाही, तरी लिहून देऊ नकाच. त्यांच्या मागे मुलं असताना अम्मीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. वसियत, म्हणजे मृत्युपत्र, एक तृतीयांशापर्यंतच, त्याहून जास्त असेल तर बाकी वारसांची संमती लागते. अब्बांनी हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करून ताबा दिला तर मात्र घर तिथेच जातं, तेव्हा त्यांच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला.


मावशी_माढा :

मी वकील नाही, आमच्या घरी काय झालं ते सांगते. आम्ही तीन बहिणी, एक भाऊ. भाऊ शेतात राबतो, आम्ही तिघी शहरात. आम्ही चौघं आईसमोर बसलो आणि ठरवलं की उसाचं रान भावाला, विहिरीजवळचं एक एकर आम्हा तिघींच्या नावावर, ते कसायचं भावानंच आणि वर्षाला ज्वारी, तूर द्यायची. कागद करताना विहिरीच्या पाण्याचा आणि वाटेचा हक्क लिहून घेतला, हे आमच्या वकिलांनी सुचवलं. पाणी न लिहिता नुसतं एक एकर घेतलं असतं तर ते दगडासारखं पडलं असतं. आजही नागपंचमीला आम्ही तिघी जातो. वहिनी पहिलं वर्षभर धड बोलत नव्हती, नंतर तीच म्हणाली की माझ्या लेकीलाही असंच मिळायला हवं. ताई, माहेर सहीवर टिकत नाही. बोलण्यावर टिकतं, आणि बोलायला उशीर झाला की खरंच तुटतं.


जुना_फेरफार :

माझं लग्न १९९१ चं. वडील १९९९ ला वारले. भावांनी २००१ ला शंभराच्या स्टॅम्पवर आपसात वाटणी लिहिली, आम्हा बहिणींना विचारलं नाही. तलाठ्यानं फेरफारही धरला. एका वकिलानं सांगितलं होतं की तुमचं लग्न आधीचं, तुम्हाला हक्क नाही.


दिवाणी_वकील :

त्या वकिलांनी बहुधा मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क देणाऱ्या राज्याच्या १९९४ च्या कायद्यावरून सांगितलं असेल. त्यात २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाच्या तारखेला महत्त्व नाही. वडील त्या दिवशी हयात हवेत का, हा घोळ बरीच वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला, हयात असण्याची गरज नाही.

तुमची अडचण २००१ च्या वाटणीची आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी कायदा मोडत नाही. स्टॅम्पवर लिहिलेली, नोंदणी नसलेली वाटणी त्यात बसत नाही. पण त्यानंतर फेरफार झाले, प्रत्येकानं आपापलं रान वेगळं कसलं, वेगळी कर्जं काढली, असे सरकारी कागद भाऊ दाखवू शकले तर कोर्ट अपवाद म्हणून ती मान्य करू शकतं. म्हणून २००१ पासूनचे सगळे फेरफार आणि सातबारे आधी काढा. आणि वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी म्हणून तुमचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच होता. ते कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. मुदतीचा प्रश्न येईल, आता आणखी उशीर करू नका.


कोरडवाहू :

मॅडम, एक विचारतो. बहीण सही करत नाही म्हटल्यावर भावानं तलाठ्याला भेटून तिचं नाव कमी करून घेतलं तर? आमच्याकडे असं झालेलं ऐकलंय.


दिवाणी_वकील :

साध्या अर्जावर किंवा नोटरी केलेल्या कागदावर नाव कमी करता येत नाही, नोंदणीकृत दस्त किंवा आदेश लागतो. तरी कुणी तसा फेरफार टाकला तर सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढावी लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, मग मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतात. निर्णय विरुद्ध गेला तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. गावाला रोज जाता येत नसेल तर महसूल खात्याच्या "आपली चावडी" या साईटवर गावानुसार फेरफाराच्या नोटिसा दिसतात, आठवड्यातून एकदा बघत जा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, आजच एक काढून ठेवा. आणि समजा नाव गेलंच, तरी घाबरून जाऊ नका. सातबारा महसुलासाठी असतो, फेरफारानं मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय.


अक्कलकोटरोड :

मॅडम, तुमचं उत्तर मिस्टरांनी मोठ्यानं वाचलं. दाजींनाही पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला, म्हणाले की मी सही करणार होतो, मला वाटलं बाप म्हणून मला चालतं.

काल दादाला फोन केला. सोमवारी येत नाही म्हणाले. तो चिडला, "म्हणजे तुला वाटा पाहिजे तर." मी म्हणाले, "दादा, सोसायटीला पाहिजे तर संमती आत्ता देते. पण रस्त्याच्या गटाचं काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस." बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला की नोटीस आली आहे, पैसे किती येतील ते माहीत नाही, आणि त्याच्यावर अप्पांच्या दवाखान्याचं हातउसनं अजून फिटायचंय. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझाच जीव कसानुसा झाला. मी म्हणाले, किती आहे ते लिहून ठेव, आपण सगळे मिळून फेडू.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. फोनवर वहिनी शेजारी असते. रविवारी जाणार आहे. मॅडम, वकील द्यायची वेळ आली तर आमच्याकडे फीला पैसे नाहीत, तेही सांगा.


दिवाणी_वकील :

दादा बोलला हे फार चांगलं झालं. त्याच्यावरचं कर्ज अप्पांच्या उपचाराचं असेल तर ते आधी वळतं करून मग वाटे काढा. तो हिशोब पहिल्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. त्याला त्यातूनच धीर येईल.

फीची काळजी सोडा. बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायचा कायदेशीर हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा १५१०० ला फोन करा. दावा न लावता आधी समेटासाठीही तिथे अर्ज करता येतो. दादाला समन्स नाही, बोलायला बोलावणं जातं. तिथे जमलं तर लोकअदालतीत निवाडा होतो, त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करताना तिथेही प्रत्येक गट नंबर वाचून घ्या.

जाताना दोन्ही गटांचे सातबारे, अप्पांच्या वारस नोंदीचा फेरफार, अप्पांचा आणि अक्काचा मृत्यूचा दाखला, १९९८ चं खरेदीखत, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, दादाच्या मसुद्याचा तो फोटो आणि रस्त्याच्या नोटिशीची झेरॉक्स न्या. नोटीस दादाकडे आहे, रविवारी मागून घ्या. आईशी बोलायला तिला देवळात घेऊन जा किंवा शेतावर, घरात बोलू नका. आणि सोमवारी दादा तिला एकटीला रजिस्ट्रीला घेऊन जाणार नाही, एवढा शब्द त्याच्याकडून आजच फोनवर घ्या.